सॉकरबाबाचं जागरण

ओहायोतल्या कोलंबस शहराच्या एका उपनगरात रात्रीचा पावणेदोनचा सुमार आहे. नोव्हेंबरातली कडाक्याची थंडी पडली आहे. वरच्या मजल्यावर सतरा वर्षांची मुलगी गाढ झोपली आहे. सकाळ झाली की तिच्या हायस्कूलच्या सॉकर संघाची राज्य अजिंक्यपदाची फायनल. खाली स्वयंपाकघरात तिचा बाप टक्क जागा आहे. त्याच्यासमोर लॅपटॉप, लॅपटॉपवर एक्सेलची शीट, बाजूला साय धरलेला चहा आणि तिकिटांच्या छापील प्रती. तीन. तिकीट फोनवर दाखवायचं असतं, हे त्याला चार जणांनी चारदा सांगितलं आहे. पण हॉल तिकिटाची एक झेरॉक्स कंपासपेटीत, एक खिशात आणि एक आईच्या पर्समध्ये ठेवून बोर्डाच्या परीक्षेला गेलेला हा माणूस आहे. फोनच्या बॅटरीवर तो विसंबणार नाही.

या माणसाला आपण सॉकरबाबा म्हणू.

हा प्राणी फक्त कोलंबसमध्ये आढळतो असं नाही. न्यू जर्सीत आहे, टेक्सासात आहे, जिथे चांगली शाळा बघून घर घेतलेलं मराठी कुटुंब आहे तिथे तो आहेच. फक्त जागरणाचे महिने निराळे. ओहायोत शालेय सॉकरचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो. टेक्सासात तो हिवाळ्यात सुरू होतो आणि राज्याची फायनल एप्रिलमध्ये येते. सॉकरआईला निदान इतिहासात जागा मिळाली आहे. 1996 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘सॉकर मॉम’च्या मतांची एवढी चर्चा झाली, की अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने ‘मॉम’ हाच त्या वर्षीचा शब्द ठरवला. बाबाच्या वाट्याला असला मान कधी आला नाही. त्याच्या वाट्याला गाडी चालवणं, घडीच्या खुर्च्या उचलणं आणि आता हे जागरण.

मूळचा तो डोंबिवलीचा. खेळ म्हणजे क्रिकेट, आणि क्रिकेट म्हणजे बिल्डिंगच्या आवारात तळमजल्याच्या काचेला भिऊन मारलेला डिफेन्स, एवढीच त्याची क्रीडा कारकीर्द. त्यामुळे मुलगी पहिल्यांदा सॉकर खेळायला लागली तेव्हा त्याची खरी पंचाईत केली ती ‘ऑफसाइड’ या शब्दाने. त्याच्या लेखी ऑफसाइड म्हणजे पॉइंट, कव्हर, सचिनचा ड्राइव्ह; थोडक्यात, जगातली सगळ्यात देखणी बाजू. इथे पंच ऑफसाइडची शिट्टी मारायचे आणि पालक हळहळायचे. चेंडू ऑफसाइडला गेला यात वाईट काय झालं, हे त्याला दोन हंगाम उमगलं नाही. शेवटी मुलीने एका रविवारी डायनिंग टेबलावर मिठाची बाटली, तुपाचं भांडं आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी मांडून त्याला नियम शिकवला. तेव्हापासून तो दिसेल त्याला शिकवतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना जेवायच्या आधी शिकवतो, म्हणजे लोणचं जागेवर असतं.

हायस्कूलच्या सॉकरचे नियम पुन्हा जागतिक फुटबॉलपेक्षा थोडे वेगळे. सामना 90 मिनिटांचा नसून 40-40 मिनिटांच्या दोन डावांचा. घड्याळ फलकावर, आणि तेही उलटं चालणारं: 40 पासून शून्याकडे. गोल झाला, पिवळं कार्ड निघालं की ते थांबतं. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतो. हा शेवटचा नियम सॉकरबाबाला तोंडपाठ आहे, कारण त्याची मुलगी पहिल्या अकरात नाही. ती बचावफळीतली राखीव. कोणी दमलं की आत जाते, सहा-सात मिनिटं खेळून परत बाकावर येते. त्या एक्सेल शीटमध्ये ऑगस्टपासूनची अशी सगळी मिनिटं मांडली आहेत. सामना, प्रतिस्पर्धी, हवामान, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. आत्ता पावणेदोन वाजता तो त्यावरून शनिवारचा अंदाज काढतो आहे. अंदाज आला आहे 11.4 मिनिटं. त्या दशांशामुळे त्याला जरा बरं वाटलं आहे.

संघ फायनलला आल्यापासून घरात दहावीचं वर्ष अवतरलं आहे. टीव्ही बंद. पाहुणे बंद. कोणी शिंकलं तर त्याने दुसऱ्या खोलीत जायचं. सॉकरबाबाचा हिशेब सरळ आहे: सेक्शनल, डिस्ट्रिक्ट, रीजनल आणि मग स्टेट, म्हणजे आपल्याकडचं तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य. अमेरिकेत शाळांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरतच नाही. आपल्याकडे निदान सुब्रतो कपसाठी शाळांचे संघ दिल्लीपर्यंत जातात. इथे प्रत्येक राज्याचा विजेता आपापल्या घरी राजा. म्हणजे स्टेट हेच बोर्ड, याच्यापुढे परीक्षा नाही. हे कळल्यावर त्याने एका अमेरिकन पालकाला विचारलं होतं, “याचे मार्क किती मिळतात?” महाराष्ट्रात जिल्हा, राज्य पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात, हे तो विसरलेला नव्हता. पालकाला प्रश्न कळला नाही. त्याने खांद्यावर थाप मारून सांगितलं, की मजा करा.

मजा! सॉकरबाबाने त्या रात्री कॉलेजच्या क्रीडा शिष्यवृत्त्यांचा अभ्यास केला. अमेरिकन कॉलेजांच्या पहिल्या श्रेणीत अगदी परवापर्यंत मुलींच्या सॉकर संघाला जास्तीत जास्त 14 शिष्यवृत्त्या देता येत आणि मुलांच्या संघाला 9.9, हे वाचून तो बराच वेळ त्या नऊ दशांश मुलाचा विचार करत बसला. एकच शिष्यवृत्ती अनेकांत वाटून देता येते, हे नंतर कळलं. कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडू हेरायला शाळेपेक्षा क्लबच्या सामन्यांना जास्त जातात, हेही कळलं. ते त्याने बायकोला सांगितलं नाही.

गुरुवारी पास्ता पार्टी झाली. मोठ्या सामन्याआधी अख्ख्या संघाने एकाच घरी जमून भरपूर पिष्टमय खायचं, ही इथली जुनी रीत. पास्ता दुसऱ्या घराकडे होता. सॉकरबाबाच्या घराकडे ‘साइड डिश’ आली. पिष्टमयच हवं असेल तर साबुदाण्याच्या खिचडीला तोड नाही, असा ठराव त्याने एकट्याने मांडून एकट्याने मंजूर केला. बायकोने चार वाट्या साबुदाणा भिजवला. वीस मुलींनी पातेल्यात डोकावलं. मोती ओळखीचे निघाले, बबल टीत तळाशी असतात तेच, म्हणजे दोन्ही एकाच कंदाचे. पातेलं दहा मिनिटांत रिकामं झालं. गोलकीपरने शेंगदाण्याची अॅलर्जी नसल्याची लेखी खात्री आधीच दिली होती. सॉकरबाबाने ती सगळ्यांकडून घेतली होती.

त्या पार्टीत नसलं तरी घरात एक संकट घडलंच. हायस्कूलच्या नियमाप्रमाणे यजमान ठरलेल्या संघाने पांढरी जर्सी आणि पांढरे मोजे घालायचे असतात. फायनल तिऱ्हाईत मैदानावर, पण कागदोपत्री यजमान हाच संघ. आणि जर्सीच्या बाहीवर बुधवारच्या वरणाचा पिवळा डाग. हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, उन्हाला देतो, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. ओहायोत नोव्हेंबरात ऊन कुठलं? ज्या खिडकीत दिवसाकाठी तासभर ऊन येतं तिथे ती जर्सी दोन दिवस टांगलेली होती आणि सॉकरबाबा घरून काम करताना तिला उन्हाच्या कवडशाबरोबर सरकवत होता. मीटिंगमध्ये त्याचा कॅमेरा बंद होता.

बाहेर हिरवळीवर मुलीच्या क्रमांकाची पाटी रोवली आहे, 17. गाड्यांच्या काचांवर धुता येणाऱ्या रंगाने शुभेच्छा लिहिल्या आहेत. मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम नेमका याच शनिवारी आला आहे, कारण इथली दिवाळी पंचांगावर कमी आणि हॉलच्या तारखेवर जास्त अवलंबून असते. त्यातल्या एकांकिकेत सॉकरबाबाला दोन वाक्यांची हवालदाराची भूमिका होती. त्याने राजीनामा दिला. दिग्दर्शकाने कारण विचारलं तेव्हा “मुलीची स्टेट आहे,” एवढंच तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज आजवर कुठल्याच नाटकात लागला नव्हता इतका चांगला लागला.

पावणेदोनला फोन वाजतो. कोल्हापूरचा मामा. तिथे दुपारचा सव्वाबारा.

“जागा हाईस न्हवं? वाटलंच मला. आरं, फायनल म्हंजे झोप येतीय व्हय कुणाला!”

मामा हा या घराण्यातला एकमेव खरा फुटबॉलवाला. कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावंसुद्धा तालमींची असतात: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. राजर्षी शाहू स्टेडियमवर लीग सुरू झाली की पेठापेठांत बोलणं बंद पडतं. मामाच्या मते जगात फुटबॉलची दोनच केंद्रं, एक ब्राझील आणि दुसरं सांगायची गरज नाही. 2017 मध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पहिलाच सामना अमेरिकेशी पडला आणि भारत तीन गोलांनी हरला. ते तीन गोल मामा अजून भाच्याच्या खात्यावर मांडतो.

“तुमच्या अमेरिकेनं तीन घातल्यात आमास्नी, ध्यानात हाय माझ्या. नात खेळणार न्हवं उद्या?”

“अकरा पूर्णांक चार मिनिटं.”

“आँ?”

“खेळेल, मामा.”

फोन ठेवल्यावर सॉकरबाबा स्टेडियमच्या माहितीकडे वळतो. ती त्याला पाठ आहे, तरी उजळणी हवीच. ओहायोच्या शालेय फायनल अनेक वर्षं ज्या जुन्या क्रू स्टेडियमवर झाल्या, ते 1999 मध्ये उभं राहिलं. मेजर लीग सॉकरच्या संघासाठी खास सॉकरपुरतं बांधलेलं देशातलं पहिलं मैदान. 2001, 2005, 2009 आणि 2013 या चारही वर्षी अमेरिकेने वर्ल्ड कप पात्रता फेरीत मेक्सिकोला इथेच हरवलं, आणि चारही वेळा 2-0 असं. हा योगायोग त्याने गेल्या आठवड्यात ऑफिसात अकरा जणांना सांगितला. त्यातले दोघे मेक्सिकोचे होते.

जिन्यावर पावलं वाजतात. बायको पाणी प्यायला खाली आली आहे. ती शीटकडे बघते, तीन तिकिटांकडे बघते आणि गॅसजवळ उभी राहून पाणी पिते.

“तुला टेन्शन येत नाही?” तो विचारतो.

“आलं होतं एकदा. नववीत. जिल्ह्याच्या फायनलच्या आदल्या रात्री.”

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. बायको शाळेत खो-खो खेळायची, एवढं त्याला माहीत आहे; अल्बममध्ये स्कर्ट घातलेला, गुडघ्याला पट्टी बांधलेला एक फोटो आहे. ती पोलवरची होती, सूर मारून बाद करण्यात तिचा हात कोणी धरत नसे, आणि दहावीचं वर्ष आल्यावर तिचे खेळायचे बूट माळ्यावर गेले, हे तो आज पहिल्यांदा ऐकतो. ती हे दोन मिनिटांत सांगते, तेही पेला विसळता विसळता.

अमेरिकेत मुलींचे बूट माळ्यावरून खाली आले ते एका कायद्यामुळे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद चालणार नाही, एवढंच सांगणारं 37 शब्दांचं एक कलम 1972 मध्ये मंजूर झालं. ‘टायटल नाइन’ हे त्याचं नाव. त्याच्या आदल्या वर्षी सगळ्या देशात हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या मुली जेमतेम 700 होत्या. आज त्या साडेतीन लाखांच्या वर आहेत. त्यांतली एक वरच्या मजल्यावर घोरते आहे.

“मग त्या रात्री तू काय केलंस?” सॉकरबाबा विचारतो.

“झोपले. खेळायचं होतं ना.” ती दिवा मालवायला हात पुढे करते. “तुला खेळायचं नाहीये, तरी झोप.”

तो झोपत नाही. पण लॅपटॉप मिटतो.

सकाळी आजी सहा महिन्यांच्या व्हिसाचा पूर्ण वापर करत नातीच्या हातावर दहीसाखर ठेवते. दही ग्रीक आहे. मग मीठ-मोहरीने दृष्ट काढायला जाते. मोहरी तडतडते, मिरच्यांचा धूर होतो आणि छतावरचा स्मोक अलार्म अख्ख्या गल्लीला फायनलची वर्दी देतो. मुलगी कानात हेडफोन घालून शांतपणे शिनगार्ड बॅगेत भरते. “बाबा, चिल,” म्हणते. बस शाळेतून सुटते तेव्हा पुढे अग्निशमन दलाची गाडी निरोपाला असते, आणि आजीला वाटतं ती आपल्यासाठीच आली.

सामन्याला अजून दहा मिनिटं आहेत. हवेत तीन अंश तापमान आहे, सॉकरबाबाच्या डोक्यावर डोंबिवलीहून आणलेली माकडटोपी आहे. तिकिटं फोनवरच तपासली गेली. तिन्ही छापील प्रती खिशात गरम राहिल्या आहेत. बाहीवरचा पिवळा डाग इतक्या लांबून दिसत नाही. बायको मैदानाकडे बघते आहे, आणि बाकाच्या टोकाला बसलेली 17 नंबरची मुलगी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधते तेव्हा ती नकळत स्वतःचा पाय मागेपुढे करते. सॉकरबाबा फोनवर एक्सेल उघडतो, नवी ओळ घेतो आणि लिहितो: फायनल, 0 मिनिटं.

फलकावर 40:00 लागलं आहे.