असामान्यपणाचा दाखला

ऐकलंत का? रत्नागिरीच्या टिळक आळीत आता ‘मुलगा अमेरिकेत असतो’ म्हटलं तर कुणी चहासुद्धा विचारत नाही. विचारतात ते हे: “तुमचा असामान्य झाला का हो?” आणि मुलाची आई लाजतही नाही! “कागद गेलेत. तीन निकष बसतायत म्हणे,” असं धडधडीत सांगते. कलियुग, दुसरं काय.

या सगळ्याच्या मुळाशी आहे ते ‘ईबी-वन-ए’ नावाचं ग्रीन कार्ड. अमेरिकेने १९९० च्या कायद्यात ही सोय करून ठेवली. विज्ञान, कला, शिक्षण, उद्योग नाहीतर खेळ यांत ‘असामान्य क्षमता’ असली की आपला अर्ज आपणच करायचा, नोकरी देणाऱ्या साहेबाच्या पाया पडायला नको. दरसालच्या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची ‘ईबी-टू’ या खालच्या वर्गाची रांग दहा वर्षांनीही हलेल तर शपथ. असामान्यांनाही रांग आहेच, पण आखूड. मग काय, कालपर्यंत गपगुमान नोकरी करणारे सगळे रातोरात असामान्य व्हायला निघाले!

आता निकष ऐका. नोबेलच्या तोडीचं एक बक्षीस असेल तर तेवढ्यावर भागतं. नसेल तर दहातले तीन जमवायचे. त्यातला एक आहे ‘दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण’. हे कळल्यावर आमच्या शेजारचे अण्णा ताठच बसले. “म्हणजे आख्खी आळी पात्र!” त्यांना कोण समजावणार, की इथे परीक्षण करायचं ते शोधनिबंधांचं, सुनांचं नव्हे.

आमच्या ओळखीतल्या एकाचंच बघा. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकला, तिकडे जाऊन कोळंबीच्या रोगांवर संशोधन करतो. पोरगा गुणी, पण तोंडातून शब्द फुटायची मारामार. त्याने म्हणे पाचशे पानांचं बाड तयार केलं. कुणी कुणी त्याच्या निबंधांचा हवाला दिला त्याचा हिशेब, छापून आलेली कात्रणं आणि थोरामोठ्यांची पत्रं. पत्रं अशांची हवीत, की ज्यांनी याच्याबरोबर कधी काम केलेलं नाही. “ओळख ना देख, तो मेला स्तुती करेल कशाला?” हा अण्णांचा सवाल बिनतोड होता. त्यावर उत्तर असं, की पत्राचा मसुदा बरेचदा अर्जदारच लिहून पाठवतो, थोर माणूस फिरवाफिरव करून सही ठोकतो! ‘यांच्या कार्याने कोळंबी-संशोधनाची दिशाच बदलली’ हे वाक्य त्याच्या आईने चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाली, “घरी सोलायला सांगितली तर उठून जायचा.”

आणखी गंमत सांगते. जादा फी भरली तर निर्णय कामाच्या पंधरा दिवसांत. म्हणजे जन्मभर आईबापांना जे कळलं नाही, ते तिकडच्या कारकुनाला तीन आठवड्यांत कळतं! वर नवरा असामान्य ठरला की बायकोलाही कार्ड. तिने नुसतं सामान्य असलं तरी चालतं. लग्नाच्या बाजारात याचा भाव काय असेल, ते मी सांगायला नको.

मागणी आली तिथे दुकानं आलीच. पैसे भरा, पुरस्कार घ्या. पैसे भरा, ‘मान्यवर सदस्य’ व्हा. तिकडचे अधिकारीही काही दूधखुळे नाहीत. तीन निकषांवर खुणा झाल्या तरी सगळं बाड पुन्हा एकत्र जोखतात, की हा खरंच वरच्या मूठभरांतला आहे का. तिथे विकतची ढाल उघडी पडते.

माझा खरा संताप वेगळाच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथराव परांजपे १८९९ साली केंब्रिजात सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवायला लागले. त्यांनी स्वतःची थोरवी पटवणारं बाड कुणापुढे ठेवलं होतं? समर्थांनी दासबोधात आत्मस्तुती मूर्खाच्या लक्षणांत घातली. अमेरिकेने ती अर्जात घातली! बरं, ही परीक्षा संशोधनाची म्हणावी, तर काम करणारा बुजरा मागे राहतो आणि कात्रणं जपणारा पुढे जातो. कोकणात पोर पहिलं आलं तरी ‘पेपर सोपा होता’ म्हणायची रीत. असल्या घरातल्या मुलाने ‘मी असामान्य’ हे पाचशे पानं लिहायचं म्हणजे संशोधन त्याहून सोपं.

तेव्हा आम्हाला असलं काही पटत नाही, आधीच सांगून ठेवते. बाकी आमची धाकटी यंदा पीएच.डी.ला लागली आहे. तिला कालच फोनवर बजावलं, परीक्षणाला निबंध आला तर नाही म्हणू नकोस हो, आणि आलेलं प्रत्येक पत्र जपून ठेव.