गृहस्थाश्रमातील सर्व्हर

गृहस्थाश्रमात देव, अतिथी आणि जावई यांच्या जोडीला सर्व्हर नावाचे एक नवे दैवत गेल्या काही वर्षांत येऊन बसले असून, त्याची प्रतिष्ठापना बहुधा चपलांच्या कपाटावर, राउटरच्या शेजारी होते. ज्या यंत्रावर माहिती साठवलेली असते आणि जे ती मागेल त्याला, मागेल तेव्हा पुरवते, त्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. आणि आपले फोटो, पत्रे, कागदपत्रे व पासवर्ड परक्या कंपनीच्या सर्व्हरवर न ठेवता घरातल्या, स्वतः सांभाळलेल्या यंत्रावर ठेवण्याच्या व्रताला सेल्फ-होस्टिंग अशी संज्ञा आहे. हे व्रत आचरणाऱ्या साधकाला प्रस्तुत विवेचनात सोयीसाठी ‘स्वगृही’ म्हटले आहे. फलज्योतिषात स्वगृही ग्रह बलवान मानला जातो. या स्वगृहीबद्दल त्याच्या कुटुंबाचे मत निराळे असू शकते.

या व्रताला आधारच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. गुगलने १ एप्रिल २००४ रोजी जीमेल जाहीर केले, तेव्हा इतर कंपन्या दोन-चार मेगाबाइट जागा मापून देत असल्याने, एक गिगाबाइट फुकट मिळणार ही बातमी पुष्कळांना एप्रिल फूलची थाप वाटली. थाप नव्हती, मात्र पत्रातला मजकूर यंत्राकडून वाचून घेऊन त्याला साजेशी जाहिरात शेजारी लावण्याची जी रीत होती, ती सोडल्याचे जाहीर व्हायला २०१७ साल उजाडले. २०१५ साली आलेल्या गुगल फोटोजने, दर्जा किंचित कमी चालत असेल तर हवी तितकी छायाचित्रे विनामूल्य ठेवून घेण्याची तयारी दाखवली, लोकांनी बारशापासून वर्षश्राद्धापर्यंतचे सगळे तिथे नेऊन ठेवले, आणि १ जून २०२१ पासून नव्या छायाचित्रांची मोजणी पंधरा गिगाबाइटच्या मर्यादेत होऊ लागली. पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढावी आणि हात धुवायच्या जागी यजमानाने बिल घेऊन उभे राहावे, असा हा प्रकार होता. याहून मोठा दाखला जुलै २०२५ चा आहे. युरोपीय संघाने निर्बंध लादल्यावर, गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीची ई-मेलसकट सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवली, आणि पैसे मोजून घेतलेल्या सेवेतली आपलीच पत्रे वाचता यावीत म्हणून त्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. सेवा काही दिवसांत पूर्ववत झाली, पण तेवढ्या दिवसांत देशभरातल्या स्वगृहींच्या चेहऱ्यावर ‘आम्ही सांगतच होतो’ हे जे तेज चढले, ते अजून पुरते उतरलेले नाही.

साधनसामग्री फारशी लागत नाही. एटीएम कार्डाएवढ्या पाटीवर मावणारा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, किंवा बिजागरी तुटल्यामुळे पत्नीने टाकून दिलेला लॅपटॉप, यांपैकी काहीही चालते. त्यावर फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, छायाचित्रांसाठी इमिच आणि जाहिराती अडवण्यासाठी पाय-होल अशा मुक्त प्रणाली चढवल्या जातात. मुक्त म्हणजे ज्यांचा मूळ मजकूर कुणालाही वाचता, बदलता आणि बिघडवता येतो अशा, आणि यातील तिसऱ्या हक्काचा वापर सर्वाधिक होतो. इमिचला चेहरे ओळखता येतात आणि ते काम ती घरच्या घरीच करते. तिने एखाद्या कुटुंबाच्या दहा वर्षांच्या छायाचित्रांचा धांडोळा घेतला, की घरातल्या प्रत्येक मंगलकार्याला न चुकता हजर असलेली एकच व्यक्ती म्हणजे भिंतीवरच्या तसबिरीतले, हार घातलेले आजोबा, असा निष्कर्ष हमखास निघतो.

खरी अडचण उंबरठ्याबाहेर सुरू होते. इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी असून ते केव्हाच पुरेनासे झाले, म्हणून इंटरनेट पुरवठादार एकाच सार्वजनिक पत्त्याआड शेकडो ग्राहक बसवतात. म्हणजे अख्ख्या चाळीला एकच घरक्रमांक, आणि बाहेरून येणाऱ्याने कोणत्या खोलीचे दार ठोठावावे याला उत्तर नाही. ज्याला आपला सर्व्हर बाहेरून दिसायला हवा, त्याने स्वतंत्र पत्ता दरमहा जादा पैसे भरून घ्यावा किंवा मधे एखाद्या कंपनीचा बोगदा भाड्याने घ्यावा, असे दोन मार्ग आहेत, आणि बहुतेक स्वगृही दुसरा मार्ग धरतात. ती मधली कंपनी बहुधा अमेरिकन असते, याची चर्चा स्वगृहींच्या बैठकीत सभ्यपणे टाळली जाते.

ई-मेलचे प्रकरण तर वेदान्तात मोडावे असे आहे. स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवलेल्या पत्राकडे मोठ्या कंपन्यांची टपालखाती अनोळखी फेरीवाल्याकडे पाहावे तसे पाहतात आणि ते स्पॅममध्ये, म्हणजे केराच्या टोपलीशेजारच्या टोपलीत, टाकतात. त्यामुळे प्रत्येक पत्रापाठोपाठ ‘मेल केली आहे, स्पॅममध्ये बघा’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर धाडावा लागतो. वर्षानुवर्षे स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारे अमेरिकन अभ्यासक बेंजामिन माको हिल यांनी २०१४ साली आपल्याच टपालाचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांच्या खासगी पत्रव्यवहारापैकी सुमारे निम्मा गुगलकडे पोहोचलेलाच होता, कारण पत्राच्या दुसऱ्या टोकाला बसलेली माणसे जीमेलवर होती. संन्यास घेऊन जंगलात गेलेल्या माणसाचे नाव रेशनकार्डावर तसेच राहावे, त्यातला हा प्रकार.

विजेचा विषय थोडक्यात आवरता येईल. कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये एक पुरवठा गेला तर दुसरा आणि दुसरा गेला तर जनरेटर अशी व्यवस्था असते. स्वगृहीच्या घरी मिक्सर लावण्यासाठी जागा हवी असली की सर्व्हरची पिन निघते. पुण्यात गुरुवार हा देखभालीसाठी वीज घालवण्याचा पारंपरिक वार असल्याने तेथील सर्व्हरांना दत्तगुरूंचा उपवास आपोआप घडतो. बटणाशेजारी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर ‘हे बटण बंद करू नये’ असे लिहून चिकटवलेले असते, पण गणपतीला कोकणात निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करण्याचा जो शिरस्ता घरातली वडीलधारी मंडळी पाळतात, त्यापुढे कोणत्याही सूचनेचे काही चालत नाही. आरतीचे फोटो मग आठवडाभर फोनमध्येच अडकून पडतात, आणि स्वगृही मखरापुढे उभा राहून, आरतीच्या मध्येच, ‘सर्व्हर सापडत नाही’ हा संदेश पुन्हा पुन्हा वाचतो.

या सर्व अडचणी तांत्रिक, म्हणून गौण आहेत. मुख्य प्रश्न हा की खासगीपणा नेमका कोणापासून जपायचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला, आणि स्वगृहीच्या मते तो हक्क कॅलिफोर्नियातल्या कंपनीपासून जपायचा आहे. कुटुंबाची भूमिका याच्या अगदी उलट आहे. मराठी घरात गुपिताची किंमत अंतरानुसार ठरते, आणि अंतर जितके कमी तितके गुपित मोलाचे. नव्या पैठणीचे बिल अमेरिकेतल्या सगळ्या इंजिनिअरांनी एकत्र बसून वाचले तरी गृहिणीचे काही बिघडत नाही. ते धाकट्या जावेच्या दृष्टीस पडता कामा नये, एवढीच तिची अपेक्षा असते. रक्तातल्या साखरेचा अहवाल जाहिरातदाराला कळला तर फार तर कारल्याच्या रसाची जाहिरात येईल, पण तो सुनेला कळला तर चहातली साखर त्याच संध्याकाळी बंद होते. ज्या यंत्राला आपण कोण हे ठाऊक नाही त्याच्याकडून आपले सारे बिंग ज्याला आपण पुरते ठाऊक आहोत त्या चिरंजीवांच्या हाती सोपवणे, यात स्वातंत्र्य ते कोणते, असे घरातल्यांनी विचारलेले नाही, कारण त्यांना कोणी विचारले नव्हते.

पाय-होलच्या बाबतीत हा पेच विशेष उघडा पडतो. घरातला कोणताही फोन एखाद्या संकेतस्थळाकडे निघाला की त्या स्थळाचा पत्ता तो आधी पाय-होलला विचारतो. जाहिरातवाल्याचा पत्ता असेल तर पाय-होल कानावर हात ठेवते, आणि प्रत्येक विचारणा फोनच्या नावानिशी व वेळेनिशी वहीत टिपते. ही वही स्वगृहीला उघडता येते. जाहिराती किती अडल्या हे पाहण्यासाठी त्याने ती उघडली, की रामरक्षा म्हणून साडेनऊला झोपणाऱ्या वडिलांच्या फोनने रात्री दीड वाजता अमेरिकन शेअर बाजाराच्या भावांची चौकशी केल्याचे त्यात आढळते, आणि ज्या घरात कालपर्यंत पाळत फक्त जाहिरातदार ठेवत होते तिथे सकाळच्या चहाला एक विचित्र शांतता पसरते. कायद्याकडे दाद मागण्याचीही सोय नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने माहिती हाताळणाऱ्या कंपन्यांना संमती घेण्याचे बंधन घातले आणि दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपयांपर्यंत नेली, परंतु एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. मार्क झकरबर्ग यांना जे उत्तर द्यावे लागते, ते स्वगृहीला द्यावे लागत नाही. निरंकुश सत्तेची याहून स्वच्छ व्याख्या राज्यशास्त्राच्या ग्रंथांतही सापडणे कठीण आहे.

बाहेरच्या जगात मात्र हा निरंकुश सत्ताधीश कमालीचा उदार असतो. घरी दोन टप्प्यांच्या कुलपाआड ठेवलेला मोबाइल नंबर तो किराणा दुकानाच्या काउंटरवर, मागे उभ्या असलेल्या सात जणांना ऐकू जाईल अशा आवाजात, दहाही आकडे सुटे करून सांगतो, कारण बिल त्याशिवाय पुढे सरकत नाही. मित्राच्या सोसायटीत शिरताना वॉचमनच्या अ‍ॅपपुढे तो मुकाट्याने चेहरा धरतो. आधार कार्ड घरच्या सर्व्हरवर कूटबद्ध, म्हणजे किल्लीवाचून वाचता न येणाऱ्या रूपात, जपून ठेवलेले असते खरे. पण त्याची प्रत हवी असेल तेव्हा ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावे लागते, जिथे साऱ्या पेठेची आधार कार्डे, भाडेकरार आणि जातीचे दाखले एकाखाली एक नांदत असतात. बिघडलेल्या प्रती रद्दीत जातात, आणि रद्दीचे पुढे भेळेच्या पुड्यात रूपांतर होते. या मार्गाने होणाऱ्या माहितीच्या गळतीवर कोणतीही मुक्त प्रणाली अद्याप निघालेली नाही.

येथे स्वदेशीवाद्यांचा एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. परदेशी कंपनी नको एवढेच म्हणणे असेल तर चपलांच्या कपाटावर संसार थाटण्याऐवजी देशी कंपनी का जवळ करू नये, असे ते विचारतात, आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झोहो या तामिळनाडूच्या कंपनीचे अरट्टै हे निरोपांचे अ‍ॅप एकाएकी लोकप्रिय झाले, तेव्हा या मताला उधाण आले होते. परंतु गिरणी आणि चरखा यांतला फरक महाराष्ट्राला नव्याने समजावण्याची गरज नसावी. गिरणी मुंबईची असली तरी कापड गिरणीमालकाचेच; स्वगृही सूत स्वतः कातू पाहतो, आणि त्या सुताचे धोतर विरळ निघते हे कबूल करूनही त्याच्या चिकाटीला दाद द्यावी लागते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या अटी बदलत असल्याचे कळवले, तेव्हा घरोघरच्या मंडळींनी सिग्नल या दुसऱ्या अ‍ॅपवर जाण्याची प्रतिज्ञा केली. ती प्रतिज्ञा व्हॉट्सअ‍ॅपवरून फॉरवर्ड झाली होती. ती शब्दशः पाळणारा घरटी एकच निघाला, आणि गेली काही वर्षे तो ‘कुटुंब’ नावाच्या सिग्नल ग्रुपमध्ये दर दिवाळीला शुभेच्छा लिहून स्वतःच वाचतो आहे.

साठवणीच्या शास्त्रात तीन-दोन-एक असा एक नियम सांगितला आहे: माहितीच्या प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. स्वगृहीला तो तोंडपाठ असतो, आणि घराबाहेरची प्रत ठेवायला एक डिस्क येत्या रविवारी मावशीकडे नेऊन द्यायची, असा त्याचा संकल्पही असतो. तसे काही रविवार उलटल्यावर, मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, चपलांच्या कपाटावरून टिक-टिक असा आवाज येऊ लागतो. हार्ड डिस्कच्या बाबतीत हा आवाज काय सुचवतो ते जाणकारांना ठाऊक आहे. आईला तो पाल चुकचुकल्यासारखा वाटतो, आणि अर्थाच्या दृष्टीने त्या दोघांत फरक नाही. शेजारी जोडलेली दुसरी डिस्क त्याच वेळी, त्याच दुकानातून, दोनांवर सूट होती म्हणून घेतलेली असल्याने ती पहिलीला एकटे जाऊ देत नाही.

दहा वर्षांचे फोटो गेले, ही वार्ता घरात कशी सांगावी याच्या विवंचनेत स्वगृही असताना असे निष्पन्न होते की आईच्या फोनवरचे गुगलचे खाते कधी बंदच झाले नव्हते. चिरंजीवांनी नवे अ‍ॅप घालून दिले तेव्हा ‘राहू दे की दोन्हीकडे’ एवढे म्हणून तिने जुने तसेच चालू ठेवले, सगळ्यांकडून आलेले फोटो ती सवयीने तिथे साठवत गेली आणि जागा भरली तेव्हा दूध, पेपर आणि इस्त्रीच्या हिशेबात गुगलचाही एक आकडा मांडू लागली. टेकआउट म्हणजे गुगलकडे ठेवलेली आपली माहिती एकगठ्ठा परत मागण्याची सोय. तिचा उपयोग करून स्वगृही दोन रात्री जागतो, नव्या डिस्कवर सारे फोटो उतरवतो, आणि तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी सर्व्हर पूर्ववत झाल्याचे जाहीर करतो. आजोबा पुन्हा सर्व कार्यांना हजर असल्याचे यंत्राने तोवर ओळखलेलेही असते. आई भात वाढता वाढता विचारते की आता ती पिन मिक्सरसाठी पाच मिनिटे काढली तर चालेल का.