मालवणात आरएक्स-सेव्हन पाळण्याचे प्राथमिक धडे

१. आधी घाई सोडा. तीन वर्षांहून जुनी परदेशी गाडी आपल्याकडे आणता येत नाही. पन्नास वर्षं उलटलेली मात्र २०२५ पासून चालते. म्हणजे तुमच्या मनात भरलेली १९९५ची माझ्दा आरएक्स-सेव्हन २०४५ साली राजरोस दारात येईल. तोवर गुडघे जपा. हिची सीट रस्त्यापासून वीतभर वर. बसायला माणूस एकटा पुरतो, उठवायला दोघे लागतात. आजपासूनच पाटावर जेवायला बसा.

दुबईच्या मेव्हण्याला गळ घालू नका. तिकडचं स्टिअरिंग डावीकडे. जपानचं आपल्यासारखंच उजवीकडे, आणि या अख्ख्या व्यवहारात आपल्या बाजूनं तेवढंच आहे.

२. इंजिन समजून घ्या. पिस्टन नाहीत. १३०८ सीसीत दोन तिकोनी रोटर जात्यासारखे गरगरतात. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजू नयेत म्हणून आत थोडं थोडं ऑइल सोडलेलं असतं आणि ते जळतं. तेव्हा ‘गाडी ऑइल खाते’ असं रडत बसू नका, तो तिचा आहार आहे. कुडाळच्या मेकॅनिकला मात्र आधी काही सांगू नका. तो बॉनेट उघडील, विडी विझेपर्यंत बघत राहील आणि विचारील, “पिस्टन खंय?” हा क्षण पैसे मोजूनही मिळत नाही. म्हणजे, मोजलेच आहेत म्हणा.

३. थंड गाडी सुरू करून दोन हात पुढे घेतली आणि लगेच बंद केली, की इंजिनात पेट्रोल तुंबतं. मग ती ढिम्म. त्यामुळे आई जेव्हा म्हणेल, “गाडी जरा बाजूक घे, सोलां सुकत घालूची आसत,” तेव्हा शांतपणे सांगा, “आधी तारकर्लीक जावन येतंय.” आई काय म्हणेल ते इथे छापता येत नाही.

४. कौतुक करायला शिका. शेजारची पोरं जमवा आणि बेडकासारखे डोळे वर काढणारे हेडलाइट दहा वेळा उघडमीट करून दाखवा. १९९१ साली माझ्दानं ल मांची २४ तासांची शर्यत रोटरी इंजिनावरच जिंकली, हे प्रत्येक पाहुण्याला ऐकवा. त्या इंजिनात चार रोटर होते, हे गिळा. ताकदीचा आकडा विचारला तर गालात हसा. त्या काळी जपानी कंपन्या आपसांत ठरवून २८०च्या वर बोलतच नसत. हापूसच्या पेट्या किती झाल्या असं विचारल्यावर बागायतदार बोलतो, तसंच.

५. खारी हवा पत्रा खाते. ताडपत्री घाला. ताडपत्रीखाली घाम धरतो, म्हणून ती काढा. पाऊस आला, घाला. याला छंद म्हणतात.

६. शेवटी बाजारातला प्रश्न येणारच: “ह्या गाडयेत बांगडे खंय ठेवतलस?” डगमगू नका. जपानी मॉडेलला मागे दोन सीट असतात. त्यांवर माणूस मावत नाही, पण दोन डझन बांगडे ऐसपैस आडवे होतात. काच तेवढी उघडी ठेवा.