शंभराच्या आतलं उत्तर

सप्टेंबरातल्या रविवारी पुण्यातल्या एका शाळेच्या फाटकाबाहेर पालकांचा घोळका उभा असतो. पोरं आत गेलेली असतात, फाटक लागलेलं असतं, तरी एखादी आई गजांतून तोंड घालून ‘पाणी पी गं मध्येमध्ये’ असं रिकाम्या पटांगणाला बजावत असते. आत आयओक्यूएम चालू असते, म्हणजे भारतीय गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी. तीन तास, तीस प्रश्न, शंभर गुण. प्रत्येक उत्तर शून्य ते नव्व्याण्णव यांमधली पूर्ण संख्या असते आणि ओएमआर पत्रिकेवर गोळे काळे करून ते नोंदवायचं असतं. उत्तर शंभराच्या आत आलंच पाहिजे, हा नियम पालकांना मनापासून पटतो. नंबरही त्यांना शंभराच्या आतच हवा असतो.

या घोळक्यात आठवीतल्या एका मुलीचा बाप आहे. मोबाइलची बॅटरी संपत आलेली, पुरवणीसकट पेपर वाचून झालेला, चहा दोनदा झालेला. त्यामुळे आयुष्याचं प्रयोजन काय, या विषयाकडे वळण्याखेरीज त्याला गत्यंतर नाही. एरवी नोकरी, हप्ते आणि सोसायटीची मीटिंग यांतून या विषयाला वेळ मिळत नाही.

शेजारच्या बाई विचारतात, “याचा जेईईला उपयोग होतो का हो?” बँकेतले एक गृहस्थ होतो म्हणतात. दुसरे म्हणतात, उलट वेळ जातो. मग पुढच्या पायऱ्यांची उजळणी होते. यातून निवडलेली मुलं आरएमओ या विभागीय परीक्षेला, त्यातली निवडक जानेवारीत आयएनएमओ या राष्ट्रीय परीक्षेला, तिथून मोजकी उन्हाळ्यात शिबिराला, आणि शिबिरातून देशाच्या संघात फक्त सहा. “आणि पुढे?” बाई विचारतात. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड. दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन गणितं. “ते झालं हो, पण त्याच्या पुढे काय?” यावर सगळा घोळका गप्प होतो. साडेचार तासांत तीन गणितं म्हणजे सगळ्यांना एकदम सरकारी काम वाटू लागतं.

बापाला मात्र ही आकडेमोड आवडते. 1959 साली रुमानियात सात देशांनी ही स्पर्धा सुरू केली. भारत 1989 मध्ये तिच्यात उतरला आणि 1996 मध्ये मुंबईनं तिचं यजमानपदही केलं. 2024 साली इंग्लंडमधल्या बाथ शहरात भारताच्या सहा जणांनी चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवून देशाला चौथं स्थान दिलं. सहाव्याला पदक नव्हतं, सन्माननीय उल्लेख होता. त्या सहाव्याच्या घरी फोनवर काय बोलणं झालं असेल, याची बापाला फार उत्सुकता आहे. देशातल्या पहिल्या सहांत असलेल्या मुलाला ‘मग कुठं चुकलं?’ असं विचारणारा एखादा काका प्रत्येक घराण्यात असतोच.

आपल्याकडे हे वेड नवं नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर कित्येक मराठी घरांत गणितात बरे गुण मिळवणाऱ्या पोराला ‘मोठा रँग्लरच लागून गेलास’ असं ऐकावं लागलं. त्या केंब्रिजमध्येही क्लासवाले होतेच. एडवर्ड राउथ नावाच्या खासगी शिकवणीवाल्यानं पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर घडवले. आज आपल्याकडे असता तर चौकाचौकात त्याचे फ्लेक्स लागले असते. राउथ स्वतः 1854 मध्ये पहिला आला होता. त्या वर्षी दुसरा कोण आला? जेम्स क्लार्क मॅक्सवेल. रेडिओपासून मोबाइलपर्यंतचं सगळं ज्याच्या समीकरणांवर चालतं, तोच. मॅक्सवेलच्या वडिलांनी ‘एका नंबरानं हुकलं’ असं म्हटलं होतं का, याची नोंद नाही.

ऑनर्स मिळवणाऱ्यांत जो शेवटचा येई, त्याला केंब्रिजमध्ये पदवीदान समारंभात मुलं भलामोठा लाकडी चमचा बहाल करीत. 1909 साली दिलेला अखेरचा चमचा तर होडीच्या वल्ह्याचा केलेला, चांगला मीटरभराहून लांब. त्यानंतर विद्यापीठानं क्रमवार यादी जाहीर करणंच बंद केलं आणि चमचाही बंद पडला. शेवटचा कोण हेच कळेना, तर चमचा देणार कोणाला? बापाला ही तोड भलतीच पसंत आहे. आपल्याकडे मात्र निकालाच्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर मुलांचे नंबर पडतात आणि मागं राहिलेल्याला चमच्याऐवजी सल्ले मिळतात. चमचा निदान भिंतीला टांगता येतो.

पण पुढे काय, हा प्रश्न उरतोच. ग्रिगोरी पेरेलमान हा रशियन मुलगा 1982 च्या ऑलिम्पियाडमध्ये 42 पैकी 42 गुण घेऊन सुवर्णपदक मिळवून गेला. मोठेपणी त्यानं शंभरेक वर्षं अडलेलं प्वांकारेचं अनुमान सिद्ध केलं. 2006 मध्ये गणितातलं मानाचं फील्ड्स पदक आलं, ते नको म्हणाला. 2010 मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस आलं, तेही नको. बापानं ही हकीकत फाटकापाशी सांगितली, तेव्हा बँकेतले गृहस्थ हादरले. “नको म्हणाला? घरी कोणी मोठं माणूस नव्हतं?” होतं. तो आईबरोबरच राहायचा. बाईंनी लगेच विचारलं, “त्याला क्लास कुठला होता?”

परांजपे रँग्लर होऊन परत आले ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला, तुटपुंज्या पगारावर, आणि पुढे तिथले प्राचार्य झाले. आजच्या हिशेबानं हे ‘पॅकेज’ फसलेलंच. त्यांच्या नावानं गणिताचं एक बक्षीस होतं. 1927 मध्ये ते फर्ग्युसनच्याच एका विद्यार्थ्याला मिळालं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा. ‘पुढे काय’चं उत्तर इथं अगदी साधं आहे. कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर झाले आणि 1962 साली शाळामास्तर म्हणूनच निवृत्त झाले. मधल्या काळात ते आकड्यांशी खेळत बसले. भल्याभल्यांना तो पोरखेळ वाटला. 1975 मध्ये मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभर पोचले.

तो खेळ बापानं तिथंच केला. समोर उभ्या रिक्षाचा नंबर 4574. पेट्रोलच्या पावतीमागं त्यानं आकडे उतरत्या क्रमानं लिहिले, 7544. मग चढत्या क्रमानं, 4457. वजाबाकी केली, 3087. पुन्हा तसंच, 8730 मधून 0378 वजा, आले 8352. पुन्हा 8532 मधून 2358 वजा. 6174. आता 7641 मधून 1467 वजा केले तर पुन्हा 6174 च, आणि मग गाडी तिथून हलतच नाही. चारही आकडे सारखे नसले की कुठलीही चार आकडी संख्या फार तर सात फेऱ्यांत इथंच येऊन थांबते. बँकेतल्या गृहस्थांनी आधी मान हलवली, मग स्वतःच्या गाडीचा नंबर घेतला. वजाबाकीत हातचा चुकला म्हणून पुन्हा केली. बाईंनी पर्समधून पेन काढलं. रिक्षावाले काका उतरून बघायला आले आणि स्टँडवरच्या बाकीच्या रिक्षांचे नंबर ओरडून सांगू लागले. ‘जेईईला उपयोग होतो का’ हे त्या पंधरा-वीस मिनिटांत कोणी विचारलं नाही.

घंटा झाली, पोरं बाहेर आली, आणि पहिल्या मिनिटातच सगळं पूर्वपदावर आलं. किती सोडवले, किती बरोबर, कटऑफ किती जाईल. बापाची मुलगी वडापावचा कागद सोडत म्हणाली, “बाबा, एक भूमितीचं होतं ना, सुटलं नाही, पण भारी होतं. घरी करू या?” बापाच्या ओठावर ‘किती गुणांचं होतं?’ आलं होतं. ते त्याला गिळावं लागलं, कारण तिनं त्याच कागदावर, चटणीच्या डागाला टाळून, वर्तुळ काढायला घेतलं होतं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर लहान असताना त्यांच्या बनारसच्या घरात भिंतीवर फळा होता आणि मोरूमामा त्यावर त्यांच्यासाठी आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवत, असं नारळीकरांनीच सांगितलं आहे. त्या फळ्याला ना कटऑफ होता ना ओएमआर. गणित सुटेपर्यंत तसंच राहायचं.

मामा सगळ्यांच्या नशिबी नसतो, फळा मात्र कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पालकहो, त्यांतलं एक गणित फळ्यावर लिहा, आधी स्वतः सोडवायला बसा, आणि पोराला कटऑफ विचारायचा तो त्यानंतर विचारा.