तात्पुरत्यांना हात लावाल तर खबरदार!

प्रति,
जीडीबीच्या कोडमधली अडगळ उपसायला निघालेले उत्साही महोदय यांस,

विषय : कालबाह्य कंपायलरांसाठी केलेल्या खास सोयी काढण्यास तीव्र हरकत.

महोदय,

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या जीडीबी या डीबगरमधल्या जुन्या ओळींवर आपण सपासप कात्री चालवता आहात, असे समजले. आधी आमची बाजू ऐका.

कंपायलर लिहून देईल त्यावर डीबगरने विश्वास ठेवायचा, हा रिवाज. पण कंपायलरच चुकीचे लिहून देत असेल तर? तर फाइल कोणी बनवली ही नोंद वाचायची आणि त्या स्वारीचे लाड पुरवायचे. इंटेलचा आयसीसी कंपायलर घ्या. त्याच्या १४ च्या आधीच्या आवृत्त्या अपुऱ्या स्ट्रक्चरवर ‘ही नुसती घोषणा आहे’ असा शेरा मारायच्याच नाहीत, आकार शून्य लिहून मोकळ्या व्हायच्या. बरे, शून्य दिसले की घोषणा समजावी, तर जीसीसी या कंपायलरच्या सीमध्ये रिकाम्या स्ट्रक्चरचा आकार खरोखरच शून्य असतो! म्हणून आयसीसीपुरता वेगळा ‘इफ’ घालावा लागला. इंटेलने २०२४ च्या संचातून आयसीसी वगळला, म्हणून काय बिघडले? पाहुणा परतायचा नाही हे ठाऊक असले तरी पान मांडलेले बरे.

त्याहून जुने प्रकरण पीसीसीचे. हा कंपायलर पॅरामीटरला ‘शॉर्ट’ म्हणायचा, पण स्टॅकवर चार बाइटचा ‘इंट’ ठेवायचा. बिग-एंडियन यंत्रावर खरी किंमत शेवटच्या दोन बाइटमध्ये, म्हणून डीबगर पत्ता दोनने पुढे सरकवायचा. आता समोर खरे बोलणारा कंपायलर आला आणि तरीही पत्ता सरकवला, तर भलतेच बाइट वाचले जाणार. म्हणून खऱ्याने स्वतःची ओळख पटवायची : जीसीसी आपल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये ‘जीसीसी२_कंपाइल्ड.’ अशी खूण ठेवायचा. खोट्यासाठी नियम आणि खऱ्याला ओळखपत्र! इतकी परिचित व्यवस्था आपण मोडणार?

आपण म्हणाल, या ओळींची चाचणी कोण घेतो? कोणीच नाही, तो कंपायलर मिळतो कुठे? पण चाचणीच होत नाही, त्यामुळे त्या आजवर नापासही झालेल्या नाहीत. शिवाय कुणाकडे तरी वीस वर्षांपूर्वीची बायनरी असेलच. तिचा सोर्स हरवला असेल, ते यंत्र भंगारात गेले असेल. पण तो गृहस्थ जीडीबी मात्र ताजाच वापरत असणार. जुन्या जीडीबीच्या आवृत्त्या ग्नूच्या सर्व्हरवर फुकट मिळतात, हे कृपया त्याला सांगू नका.

आणि खरे सांगायचे तर, ‘इफ’ ठेवला म्हणून कुणाला बोल लागत नाही. काढला आणि एखाद्याचे काही अडले, तर मात्र काढणाऱ्याचे नाव नोंदीत कायमचे राहते. ही साधी अक्कल आम्ही कमावली आहे. प्रत्येक नवा माणूस त्या ओळींसमोर तासभर डोके खाजवतो, पण तो तास कुणाच्याच खाती पडत नाही.

आमची खरी तक्रार पूर्वजांवर आहे. त्यांनी फंक्शनच्या नावातच ‘४.६ पेक्षा जुना जी++’, ‘१४ पेक्षा जुना आयसीसी’ असे लिहून ठेवले, म्हणजे निवृत्तीची अट जन्मदाखल्यावरच! जी++ ज्याचा भाग, तो जीसीसी ४.६ तर २०११ मध्ये आला. आपल्यासारख्यांना आयतेच निमित्त.

तरी यापुढे खास सोय करताना कंपायलरचे नाव, आवृत्ती वा कारण लिहू नये. ‘हे काढू नये’ एवढेच लिहावे. कसे काढता तेच बघू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तात्पुरत्यांचा कायम हितचिंतक