कृपया रकाना वाढवू नये

प्रति,
घर तपासणारे समस्त साहेब
(बँकांच्या पॅनलवरचे व्हॅल्युअर, स्ट्रक्चरल ऑडिटर, महापालिकेचे आणि नागपूर सुधार प्रन्यासचे अभियंते, तसेच अलीकडे निघालेले होम इन्स्पेक्टर)
नागपूर.

विषय : तपासणी अहवालात भिंतीवरील बुरशीसाठी नवा रकाना न घालणेबाबत.

महोदय,

मी पश्चिम नागपुरातल्या एका जुन्या अपार्टमेंटमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. फ्लॅट माझ्या मालकीचा आहे आणि दिवाळीनंतर तो विकायचा आहे. काही उत्साही मंडळी तुमच्याकडे मागणी घेऊन येणार असल्याचं कानावर आलं. घर बघायला जाताच आहात, तर भिंतीची ओल आणि बुरशीही लिहीत जा, अशी ती मागणी. ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. तुम्ही त्यांच्या नादी लागू नये, एवढ्याचसाठी हे पत्र.

सुरुवात व्हॅल्युअर साहेबांपासून करतो, कारण त्यांच्याइतका अदबशीर पाहुणा माझ्या घरी आलेला नाही. मागे एका गिऱ्हाइकाच्या कर्जासाठी तुमच्यापैकी एक जण येऊन गेले. (सौदा पुढे भावावरून फिसकटला, त्यात त्यांचा काही दोष नाही.) त्यांनी लेझरच्या डबीने हॉल मोजला, गॅलरी मोजली, खिडकीतून वाकून चतुःसीमा जुळवल्या आणि दारावरच्या पाटीसकट माझा फोटो काढला. मग बेडरूममध्ये आले. तिथे कपाटाच्या कडेने, उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत जे काळपट-हिरवं पसरलेलं आहे, त्यावर त्यांची नजर गेली. गेली हे मी स्वतः पाहिलं. ते क्षणभर थबकले आणि म्हणाले, “ए.सी.चा पॉइंट कोणत्या भिंतीला आहे?” अहवालात देखभालीपुढे त्यांनी लिहिलं, समाधानकारक.

ह्याला मी सौजन्य म्हणतो. टीकाकार म्हणतील, कामचुकारपणा. पण त्यांना तुमचं काम कळलेलंच नाही. तुमचा अशील बँक आहे. हप्ते थकले तर हे घर विकून किती हाती येतील, एवढंच तिला हवं असतं, म्हणून तर तुम्ही बाजारभावाच्या खाली ‘डिस्ट्रेस व्हॅल्यू’ही लिहून देता. त्या खोलीत बँक झोपणार नसते. झोपणार असतो तो कर्जदार, आणि त्याच्याकडून तुमची फी वसूल होत असली तरी अहवाल त्याच्यासाठी नसतो.

वकिलांचंही तसंच. ते सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत 30 वर्षांचा सर्च घेतात, आखीव पत्रिका पाहतात, प्रन्यासचं आरएल पत्र मागतात. 1995 साली ह्या प्लॉटवर कोणाचा बोजा होता ते सांगतात. गेल्या ऑगस्टमध्ये ह्या भिंतीवर काय होतं, हे मात्र कोणत्याच कचेरीत नोंदलेलं नसतं. भोगवटा प्रमाणपत्र देणारे अभियंता साहेब बाजूची मोकळी जागा आणि पार्किंग पाहून जातात. ते योग्यच आहे, बुरशी काही भोगवटा प्रमाणपत्र मागायला येत नाही.

ऑडिटर साहेब, तुमची मात्र मला थोडी भीती वाटते. 30 वर्षांवरच्या इमारतींची तपासणी महापालिका कायद्याच्या कलम 265-अ मुळे करावी लागते, आणि आमची इमारत त्या वयाकडे निघाली आहे. तुम्ही हातोडी घेऊन येता, ठोकून पाहता, आणि गळती दिसली तर ती लिहिता. पण मी तुमचे काही अहवाल मिळवून वाचले आणि निर्धास्त झालो. गळती तुम्ही लिहिता ती सळईसाठी. पाण्याने सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. बुरशी सळईला काही करत नाही. ती फक्त माणसाच्या श्वासनलिकेला करते, आणि श्वासनलिका हा काही इमारतीचा भार वाहणारा भाग नव्हे.

आता कायद्याचं सांगतो. 2016 च्या रेरा कायद्यात कलम 14 चं तिसरं पोटकलम आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा दर्जात दोष निघाला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. ह्यात ओल आरामात बसते. पण आपले लोक ताबा घेतात दसऱ्याला, नाहीतर अक्षय्य तृतीयेला. म्हणजे पाऊस संपल्यावर किंवा लागण्याआधी. ओल दिसते दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात. मग बिल्डरचा माणूस येऊन पुट्टी मारून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा पुट्टी. पाचवं वर्ष उलटतं आणि ग्राहकाच्या हाती तारीखवार लिहिलेलं काहीच नसतं, कारण तुम्ही काही लिहिलेलं नसतं. माझा फ्लॅट रेराच्या आधीचा असल्याने मला त्याची झळ नाही, पण व्यवस्थेची घडी किती छान बसली आहे, ह्याचं कौतुक वाटतं.

मला खरा घोर आहे तो फार जुन्या कायद्याचा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि नेहमीच्या सावधपणाने त्याला सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक, असं त्याच कलमाच्या शेवटी लिहिलं आहे. म्हणजे गंमत पाहा. बुरशी भिंतीवर उघडी ठेवली तर ती पाहणं घेणाऱ्याचं काम. तिच्यावर रंग मारला की ती सावध माणसालाही सापडेनाशी होते आणि सांगण्याची जबाबदारी माझ्या गळ्यात पडते! रंगाच्या डब्यावर कंपन्या हे छापत नाहीत. आमच्या विक्रीपत्रांत म्हणूनच एक वाक्य ठरलेलं असतं, खरेदीदाराने मिळकत प्रत्यक्ष पाहून, तपासून आपलं समाधान करून घेतलं आहे. वाक्य ऐकायला भारदस्त आहे. तपासलं कोणी, असं कोणी विचारलं तर बोट तुमच्याकडे दाखवता येतं, आणि तुमचा रकाना कोरा असतो.

माझा पुतण्या वकिली करतो. तो म्हणाला, “काका, उलट अहवालात बुरशी लिहिली गेली तर तुम्हीच सुटता. खरेदीदाराला माहीत होतं, विषय संपला.” सुटतो खरा, पण भावात अडकतो ना!

पेंटरला बोलावलं आहे. तो ह्या शहरातला सर्वांत निर्भय तज्ज्ञ. “काहून टेन्शन घेऊन राहिले, काका? खरवडतो, पुट्टीचे दोन हात मारतो, वरून डॅम्प-प्रूफचा कोट. दिवाळी आरामात निघते.” मी विचारलं, पुढची दिवाळी? तो म्हणाला, “पुढची दिवाळी तवा ज्याचं घर असंन त्याची.” अमेरिकेत टेक्सास राज्यात बुरशी शोधणाऱ्याला वेगळा परवाना आणि काढणाऱ्याला वेगळा. एकाच कामावर दोन्ही भूमिका एकाने करायच्या नाहीत, असा नियम. इथे निदान, उपचार आणि तब्येत सुधारल्याचा दाखला, तिन्ही एकाच ब्रशने होतात.

तरी रकाना आलाच, तर तुम्हाला फार थोडं करावं लागेल, ह्याची मला धास्ती आहे. नागपूरच्या ओलीचं मूळ शोधायला दुर्बीण लागत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, जोत्याला आणि भिंतींना भेगा पाडते. वरच्या मजल्यावर गच्चीचा कोबा तडकलेला असतो. पण माझ्या मते आपल्या गावाचा खास गुन्हेगार निराळाच आहे. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 पर्यंत गेला होता. अशा गावात कूलरला नावं ठेवणं म्हणजे कृतघ्नपणा. एप्रिलमध्ये खिडकीत कूलर बसतो, खसच्या ताट्या, टाकीत पाणी, संध्याकाळी गल्लीभर वाळ्याचा वास. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, आणि मे महिन्याची कोरडी हवा ती वाफ पिऊन टाकते. जुलैत बाहेरची हवा आधीच भिजलेली. तरी पंप चालू, दारं बंद, आणि सगळी वाफ खोलीत, म्हणजे अखेर सर्वांत थंड भिंतीवर. टाकी खिडकीखाली झिरपते ती वेगळीच. पावसाळा संपल्यावर कूलर काढून ठेवायला जागा नसते, म्हणून त्याला प्लास्टिक गुंडाळून तिथेच ठेवतात. म्हणजे खोलीची एकुलती एक खिडकी बाराही महिने बंद. बिल्डरने दिलेलं वायुवीजन आम्ही पत्र्याच्या पेटीने बुजवलेलं असतं. तपासणाऱ्याने नुसतं विचारलं, “हा कूलर वर्षभर इथेच असतो का?” तरी निम्मा अहवाल तयार.

उरलेला निम्मा कपाट हातभर पुढे ओढलं की होतो. मॉइश्चर मीटर लॅपटॉपच्या बॅगेत मावतो. पांढरं, मिठासारखं, चोळलं की भुगा होणारं असेल तर तो क्षार. काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास असेल तर बुरशी. हा फरक ज्याला सांगता येतो, त्याला मी घरात घेणार नाही. 2021 च्या मे महिन्यात काळ्या बुरशीची साथ आली, म्यूकरमायकोसिस हा शब्द गल्लीतल्या पोरांनाही पाठ झाला, तेव्हा आमच्या बेडरूमच्या कोपऱ्याकडे पाहुणे संशयाने बघत. तो आजार निराळा. मधुमेह, कोरोना आणि स्टेरॉइड ह्यांच्या संगतीने तो माणसावर उठला होता, भिंतीवरून नव्हे. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. दम्याच्या माणसाला भिंतीवरचीही बाधते, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

सप्टेंबर 2023 ची ती रात्र तुम्हालाही आठवत असेल. 23 तारखेच्या पहाटेपर्यंत काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरलं. पंचनामे झाले, घरटी 10,000 रुपयांची मदत जाहीर झाली. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरू लागते. पंचनामा करणारा येतो तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ असते, ती मोजता येते. बुरशी त्यानंतर सवडीने येते. तोवर रजिस्टर बंद झालेलं असतं. त्या भागातली किती घरं पुढे विकली गेली आणि किती अहवालांत ती रेघ आली, हे विचारण्याचा आगाऊपणा मी करत नाही.

जास्त बोलण्याचा परिणाम काय होतो, तेही आपण पाहिलं आहे. 30 मे 2024 ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने नागपूरचं तापमान 56 अंश दाखवलं. देशभर गाजावाजा झाला, हवामान खात्याने तपासलं आणि सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. ह्या गावात यंत्राने जास्त सांगितलं तर चौकशी होते. माणसाने कमी सांगितलं तर त्याला रिपोर्ट म्हणतात.

होम इन्स्पेक्टर साहेब, तुम्ही धंद्यात नवे आहात, म्हणून तुमच्या अमेरिकेतल्या थोरल्या भावांकडे बोट दाखवतो. त्यांच्या मोठ्या संघटनेच्या मानकांतच लिहिलं आहे की बुरशी शोधणं हे तपासनिसावर बंधनकारक नाही. ते डाग पाहतात, “पाण्याची खूण दिसते, तज्ज्ञाला दाखवा” असं लिहितात आणि पुढच्या घरी जातात. मला हेही जास्तच वाटतं, पण निदान सुरुवात म्हणून अनुकरणीय आहे. इंग्लंडचं मात्र मुळीच ऐकू नका. तिथे रॉचडेलमध्ये डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीपायी गेलं. आईबापांनी तक्रारी केल्या होत्या. आता त्याच्या नावाचा कायदा आहे, आणि सार्वजनिक घरांच्या मालकांना ऑक्टोबर 2025 पासून ठरलेल्या मुदतीत ओल-बुरशीची चौकशी करावी लागते. ह्यावर थट्टा करण्याइतका मीही निर्ढावलेलो नाही, पुढे जातो.

पुढे म्हणजे मागणीकडे. रकाना घालू नये. घालणं टळत नसेल, तर तो ‘असल्यास’ ह्या शब्दाने सुरू व्हावा आणि पुढे एकच टिंब मावेल एवढी जागा असावी. ‘तपासणी फक्त उघड दिसणाऱ्या भागापुरती’ हे वाक्य ठळक करावं. कपाट हलवणं अहवालाच्या कक्षेबाहेर ठेवावं. आणि सही करणाऱ्याने त्या खोलीत एक रात्र झोपून पाहावं, अशी सूचना कोणी केल्यास ती सरळ फेटाळावी. ही सूचना आमच्या सौ.नेच केली आहे.

आपला विश्वासू,
एक विक्रेता

ता. क. : फ्लॅट पाहण्याची वेळ एप्रिल-मे, दुपारी 12 ते 4. जुलै ते ऑक्टोबर आम्ही पुण्याला मुलाकडे असतो आणि किल्ली शेजाऱ्यांकडेही नसते.