सिडको ते सातपूर : विद्युत मोटारसायकलीच्या निवडीचे शास्त्र

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी स्पष्ट कराव्यात असा जुना दंडक आहे, आणि ज्या खरेदीत लाख-दीड लाखांपासून तीन लाखांपर्यंतची रक्कम गुंतते तिच्या बाबतीत तो मोडण्याचे काही कारण नाही. प्रस्तुत शास्त्राचा अधिकारी, म्हणजे ते वाचण्यास पात्र असलेली व्यक्ती, हा नाशिक शहरात राहणारा, रोज ठरावीक वेळी ठरावीक ठिकाणी कामाला जाणारा आणि पेट्रोल पंपावर ‘झिरो बघा साहेब’ हे वाक्य ऐकून कंटाळलेला नोकरदार होय. विषय म्हणजे विद्युत मोटारसायकल, अर्थात बॅटरीवर चालणारी आणि टाकी दोन गुडघ्यांत धरून चालवावयाची दुचाकी. पाय ठेवायला फळी असलेली विद्युत स्कूटर ही त्याच घराण्यातली असली तरी मानाने धाकटी समजली जाते. प्रयोजन म्हणजे सिडकोतील त्रिमूर्ती चौकातून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जाणे आणि संध्याकाळी परत येणे. राहता राहिला संबंध. या प्रयोजनाचा आणि खरेदीदार दुकानात जे प्रश्न विचारतो त्यांचा परस्परांशी नेमका कोणता संबंध असतो हे ठरवणे सर्वांत अवघड असून पुढील विवेचनाचा बराचसा भाग त्यातच खर्ची पडणार आहे.

प्रवासाचे वर्गीकरण करताना धर्मशास्त्रातील कर्मांची विभागणी उपयोगी पडते. रोज करावे ते नित्य, निमित्ताने करावे ते नैमित्तिक आणि इच्छेपोटी करावे ते काम्य, अशी ती विभागणी आहे. सिडकोतून सातपूरचे पाच-सहा किलोमीटर किंवा नाशिकरोडहून सीबीएसपर्यंतचे नऊ-दहा किलोमीटर हा नित्य प्रवास होय. रविवारी सकाळी गंगापूर रस्त्याच्या बाजूला मिसळ खाण्यास जाणे हा नैमित्तिक, जरी काही घराण्यांत तो नित्यातच मोडत असला तरी. आणि सप्तशृंगगड, शिर्डी, सापुतारा किंवा कसारा घाट उतरून थेट मुंबई हा काम्य प्रवास होय. निरीक्षणाअंती असे आढळते की गाडी घेतली जाते नित्य प्रवासासाठी, परंतु विचारले जाणारे जवळजवळ सर्व प्रश्न काम्य प्रवासाविषयीचे असतात. दिवसाकाठी बारा किलोमीटर फिरणारा गृहस्थ ‘वणीला जाऊन येईल का?’ असे विचारतो, विक्रेता क्षणाचाही विलंब न लावता होकार देतो, आणि त्या एका होकारापायी मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीचे जादा पैसे मोजले जातात. वणीला मात्र पुढेही एस.टी.नेच किंवा मेहुण्याच्या चारचाकीतून जाणे होते, कारण बरोबर आई असते आणि आईला दुचाकीवरून गड नको असतो.

निवडीपूर्वी पूर्वपक्षाचे, म्हणजे प्रतिपक्षाच्या म्हणण्याचे, खंडन करणे क्रमप्राप्त आहे. पहिला पूर्वपक्ष सायकलीचा. पाच किलोमीटरसाठी सायकल पुरते असे म्हणणारे लोक नाशकात इतर शहरांपेक्षा अधिक भेटतात, आणि अडचण अशी की त्यांच्यापाशी दाखलाही असतो : येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. ज्या गावचे डॉक्टर अमेरिका आडवी पार करून येतात, त्या गावात सातपूरपर्यंत जाण्यास यंत्र लागते हे सिद्ध करणे कठीण असल्याने या पूर्वपक्षाला उत्तर न देता विषय बदलावा, हेच श्रेयस्कर. दुसरा पूर्वपक्ष 2021 पासून धावणाऱ्या सिटीलिंक बसचा. तो पुरेसा सयुक्तिक असल्यामुळे ‘वेळ जमत नाही’ एवढेच म्हणून सोडून द्यावा. तिसरा निओ मेट्रोचा, जिच्यासाठी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली होती. ही मेट्रो रबरी टायरांवर धावावयाची होती, त्यामुळे ती अजून रुळावर आलेली नाही ही नागरिकांची तक्रार तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य धरता येत नाही.

आता बॅटरीकडे वळता येईल. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत सांगतात, आणि हा शब्द ऐकून अनेक सुशिक्षितांचे चेहरे गंभीर होतात. वास्तविक एक किलोवॅट-तास म्हणजे महावितरणच्या बिलावरचे एक युनिट, याहून त्यात गूढ काही नाही. 2019 साली आलेल्या रिव्होल्ट आरव्ही 400 या मोटारसायकलीची बॅटरी 3.24 युनिटांची आहे, तर 2022 च्या जानेवारीत बाजारात आलेल्या पुण्याच्या टॉर्क कंपनीच्या क्रेटॉसची चार युनिटांची. किलोमीटरला तीस-पस्तीस वॅट-तास असा व्यवहारी हिशेब धरला तर बारा किलोमीटरच्या नित्य प्रवासाला चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही सुमारे अर्धे युनिट लागते आणि महिन्याला बारा-तेरा युनिटांत काम भागते. म्हणजेच या दोहोंतली लहान बॅटरीही आठवडाभर पुरते, आणि मोठी बॅटरी घेतल्यास एवढाच फरक पडतो की आपण चार्जिंग केव्हा केले होते हे आठवेनासे होते. बारा-तेरा युनिटांची ही वाढ क्षुल्लक दिसत असली तरी घरात जी व्यक्ती विजेचे बिल भरते तिच्या दृष्टीने ती क्षुल्लक नसते, कारण घरगुती दरांचा पहिला टप्पा शंभर युनिटांवर संपतो आणि वर्षानुवर्षे पंचाण्णवावर रोखून धरलेले घर या गाडीपायी टप्पा ओलांडते. वाढीव दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटांनाच लागतो, हे स्पष्टीकरण त्या वेळी देऊन पाहावे. ते ऐकून घेतले जाईलच याची हमी मात्र हे शास्त्र देत नाही.

कंपनीने जाहीर केलेली मजल हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दुचाकीची प्रमाणित मजल ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या पद्धतीने काढतात, आणि पुण्याची एआरएआय ही अशा चाचण्या करणारी प्रमुख संस्था आहे. तेथे गाडी रस्त्यावर न नेता रोलरवर चढवतात आणि 108 सेकंदांचा वेग-मंदीचा एक ठरीव आराखडा तिच्याकडून पुनःपुन्हा गिरवून घेतात. त्यातला कमाल वेग ताशी 42 किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी सुमारे 22 किलोमीटर असतो. या चाचणीत समोरून वारा नसतो, खड्डा नसतो, मागे बसलेले कोणी नसते आणि डाव्या हाताला लटकवलेली भाजीची पिशवीही नसते, म्हणून क्रेटॉसची कागदावरची 180 किलोमीटरची मजल महामार्गावर दिसत नाही, आणि ती दिसावी अशी अपेक्षा करणेही न्याय्य नाही. परंतु संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास द्वारका चौकातून किंवा इंदिरानगरच्या बोगद्यातून जाताना वाहनाचा वेग ज्या पातळीवर येतो, ती पातळी चाचणीतल्या सरासरीच्या बरीच खाली असते, वाऱ्याचा विरोध तेथे नावालाही नसतो, आणि विद्युत मोटर उभ्या गाडीत वीज जवळजवळ खात नाही. निष्कर्ष असा की प्रमाणित आकड्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जाण्याची सोय नाशिकच्या वाहतूक कोंडीने करून ठेवली आहे, आणि या कामगिरीची नोंद अद्याप कोणी घेतलेली नाही.

गाडी थांबवताना वाया जाणारी गती परत विजेत रूपांतरित करून बॅटरीत भरणे, यास पुनर्जनन म्हणतात. रविवार कारंजावरून होळकर पुलाकडे उतरताना ते अनुभवता येते. पूल ओलांडून मालेगाव स्टँडचा चढ लागला की अनुभव संपतो.

स्कूटर सोडून मोटारसायकलच का, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, एक खरे आणि एक देण्याचे. देण्याचे उत्तर असे की मोटारसायकलची सतरा इंची चाके स्कूटरच्या बारा इंची चाकांपेक्षा खड्ड्यावरून सहज जातात, आणि श्रावणातले नाशिकचे रस्ते पाहिलेल्या कोणासही हे उत्तर अमान्य करता येत नाही. सिंहस्थ जवळ आला म्हणजे रस्ते खोदले जातात, तेव्हा तर त्याचे वजन आणखी वाढते. खरे उत्तर असे की मोटारसायकलला टाकी असते. विद्युत गाडीत पेट्रोल नसल्याने ही टाकी आतून टाकी नसते, तेथे बॅटरीचा भाग, चार्जर ठेवण्याचा कप्पा अशा गोष्टी असतात. तरीही तिचा बाह्याकार जपला जातो, कारण गुडघ्यांना सवय झालेली असते. आवाजाचेही तसेच. विद्युत मोटर जवळजवळ मूक असते, परंतु मुक्या मोटारसायकलवरून कॉलेज रोडने जाणे हे काहींना गेल्यासारखेच वाटत नाही, म्हणून आरव्ही 400 मध्ये ॲपवरून निवडता येणारे सायलेन्सरचे कृत्रिम आवाज दिलेले आहेत. आणि क्लचची आठवण ज्यांना अस्वस्थ करते त्यांच्यासाठी अहमदाबादच्या मॅटर कंपनीने एरा या विद्युत मोटारसायकलीला चार गिअर बसवले. शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देणे हा विद्युत मोटरचा स्वभाव असल्याने शहरात तिला गिअरची गरज नसते. परंतु गरज नसलेली वस्तू मिळवण्यासाठी जादा पैसे मोजण्याची तयारी हाच या सर्व शास्त्राचा आर्थिक पाया आहे. या वैभवाची किंमत गॅसचे सिलिंडर किंवा दळणाचा डबा आणण्याच्या दिवशी कळते, कारण पायाशी फळी नसते. त्या दिवशी शेजाऱ्याची स्कूटर मागावी.

पाण्याच्या बाबतीत बॅटरीवर ‘आयपी 67’ अशी खूण पाहून घ्यावी. त्यातील सहा हा आकडा धुळीपासून पूर्ण संरक्षण दर्शवतो आणि सात हा आकडा एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाल्यास आत पाणी जाणार नाही असे सांगतो. नाशिककराची पंचाईत अशी की तो पाणी मीटरमध्ये मोजत नाही. गोदावरीचा पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या पायांना लागला, कमरेपर्यंत आला की छातीपर्यंत, या मापाने तो विचार करतो, आणि आयपी 67 म्हणजे मारुतीचे कोणते अंग, याचा तक्ता कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो. तोपर्यंत गोदाघाटावर गाडी लावू नये हा पेट्रोलच्या काळातला नियमच लागू समजावा.

आगीच्या बाबतीत मात्र थट्टेला जागा कमी आहे. एप्रिल 2022 मध्ये नाशिकमध्येच तयार झालेल्या विद्युत स्कूटरी घेऊन निघालेल्या एका कंटेनरला आग लागून वीस स्कूटरी जळाल्या; कोणास इजा झाली नाही, पण त्या वर्षी देशभर अशा घटना घडल्याने बॅटरीसाठीचे एआयएस 156 हे मानक कडक करण्यात आले आणि त्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 पासून लागू झाला. बॅटरीतला एक सेल तापून शेजारच्या सेलला तापवतो व ही साखळी आवरत नाही, यालाच उष्णतेचे अनियंत्रण म्हणतात. लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाच्या बॅटरीत त्याची शक्यता कमी असते आणि ती टिकतेही अधिक, फक्त त्याच क्षमतेला वजनदार असते व कडाक्याच्या थंडीत सुस्तावते. निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या छापून येतात त्या आठवड्यात सकाळी मजल थोडी घटली तर गाडीस दोष देऊ नये. त्या आठवड्यात मालकाचीही घटलेली असते.

सर्वांत अवघड परीक्षा चार्जिंगची, आणि ती विद्युतशास्त्राची नसून सहकाराची आहे. ज्या गाडीची बॅटरी काढता येते तिची बॅटरी पंधरा-वीस किलोंच्या घरात असते, आणि जुन्या सिडकोत किंवा पंचवटीच्या वाड्यात लिफ्ट नसल्याने ती रोज जिन्याने वर नेणाऱ्याने व्यायामशाळेचे शुल्क वाचवले असे हिशेबात धरावे. ज्या गाडीची काढता येत नाही तिच्यासाठी पार्किंगमध्ये पंधरा अँपियरचा पॉइंट लागतो, तो स्वतःच्या मीटरवरून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी गृहनिर्माण संस्थेची परवानगी लागते. अर्ज दिल्यावर सभा होते. सभेत आगीचा मुद्दा निघतो, मग भिंतीच्या रंगाचा, मग तळमजल्यावरच्या सभासदाने 2016 साली बांधलेल्या ओट्याचा, आणि मूळ अर्ज पुढील सभेवर जातो. मधल्या काळात तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडण्याची जी पद्धत रूढ आहे तिचा या ग्रंथात पुरस्कार केलेला नाही. ती धोकादायक आहे, एवढीच नोंद.

कायद्याविषयी थोडक्यात सांगायचे तर मोटर 250 वॅटपेक्षा आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल तर नोंदणी व परवाना लागत नाही. येथे चर्चिलेली कोणतीही मोटारसायकल त्यात बसत नाही, म्हणून हेल्मेट, परवाना, विमा सारे लागते, आणि हिरवी पाटी मिळते. केंद्राचे अनुदान बॅटरीच्या प्रत्येक युनिटामागे 15,000 रुपयांवरून जून 2023 मध्ये 10,000, पुढे 2024-25 साठी 5,000 व त्यानंतरच्या वर्षासाठी 2,500 असे उतरत गेले, त्यामुळे किमती उतरण्याची वाट पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अनुदानच उतरले. नाशिकरोडला नोटा छापल्या जात असल्या तरी स्थानिकांना त्याबद्दल वेगळी सवलत नाही.

खरेदीनंतर पहिले काही महिने गल्लीतून, कँटीनमधून आणि सिग्नलवरून ‘ॲव्हरेज किती देते?’ हा एकच प्रश्न येत राहील. त्यावर युनिटांचा हिशेब सुरू करू नये. ‘शंभर जाते’ असे म्हणून पुढे व्हावे.

शेवटचा निर्णय जुन्या पेट्रोल मोटारसायकलीचा. ती विकावी असे व्यवहार सांगतो, परंतु काम्य प्रवासासाठी ती राहू द्यावी असे बहुतेक कुटुंबांत ठरते आणि तिचा विमा व पीयूसी नियमाने काढले जातात. ती पार्किंगमध्ये चार्जिंगच्या पॉइंटलगत उभी असते, आणि महिनोन्‌महिने न चालवल्याने बॅटरी उतरून ती सुरूही होत नाही, म्हणून विद्युत मोटारसायकल लावण्यासाठी दर शनिवारी रात्री दोघांनी मिळून तिला ढकलत फाटकापर्यंत न्यावे लागते.